या सुट्टीत मी लूर्दला सेवेला गेले

द्वारकेत राहणाऱ्याला विमानं बघायला गच्चीवर जावं लागत नाही. चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभं राहिलं की डोक्यावरून एकामागून एक जात असतात. मे महिन्यात पारा ४४ वर असतो, कूलर नुसता आवाज करतो आणि प्रत्येक विमान पाहून वाटतं, यातले सगळे कुठेतरी थंड जागी चाललेत. मी मूळची वसईची. नोकरीसाठी तीन वर्षांपूर्वी दिल्लीला आले आणि एका कंपनीसाठी लेख लिहिते. दुसऱ्यांच्या सहलींवर, हॉटेलांवर, ‘युरोप दहा दिवसांत’ यावर इतकं लिहिलं की यंदा ठरवलं, आता आपणही जायचंच.

आधीचा बेत साधा होता. दोन मैत्रिणींबरोबर पॅरिस, मग स्वित्झर्लंड. एकीचं लग्न ठरलं, दुसरीला रजा मिळाली नाही. मी आईला फोनवर रडगाणं सांगत होते, तर मागून आजीचा अस्पष्ट आवाज आला. आई म्हणाली, “विचारतेय, पॅरिसपासून लूर्द किती लांब?”

माझी आजी सामवेदी ख्रिस्ती. लाल लुगडं नेसणारी, घरात कादोडी बोलणारी, केळी आणि मोगऱ्याच्या वाडीत आयुष्य काढलेली. आमच्याकडच्या कित्येक चर्चच्या आवारात दगडांची एक छोटी गुहा असते, तिला आम्ही ग्रोटो म्हणतो. गुहेत पांढऱ्या वस्त्रातली, कमरेला निळा पट्टा असलेली मरीयामाता आणि खाली गुडघे टेकलेली एक मुलगी. ती लूर्दमाता. आजी रोज संध्याकाळी तिथे जपमाळ म्हणायची. दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती पलंगावर आहे.

तर लूर्द. इंटरनेटवर शोधता शोधता समजलं की तिथे आजारी यात्रेकरूंची सेवा करायला जगभरातून स्वयंसेवक येतात. त्यांची १८८५ पासून चालत आलेली एक मोठी संघटना आहे. आधी ऑनलाइन अर्ज करायचा, निदान आठवडाभर राहायचं, प्रवास आणि राहण्याचा खर्च आपला आपण करायचा. खरं सांगते, मला भक्तीपेक्षा हिशोब जास्त पटला. एकाच गावात आठ दिवस म्हणजे स्वित्झर्लंडपेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय फोटो वेगळे येतील. रविवारची मिस्सासुद्धा मी दिल्लीत आल्यापासून कधी गेले तर गेले, अशीच होते.

तुम्हालाही जायचं असेल तर शेंगेन व्हिसाची तयारी लवकर सुरू करा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. फी ९० युरो, सेवा शुल्क वेगळं. बँकेची कागदपत्रं, विमा, राहण्याचं बुकिंग, सगळं नीट लावून न्या. माझी फाइल एका कागदासाठी परत आली आणि त्यात बारा दिवस गेले. पॅरिसला उतरल्यावर मोंपार्नास स्टेशनवरून लूर्दला थेट वेगवान रेल्वे आहे. साधारण पाच तास लागतात. खिडकीची जागा घ्या, शेवटच्या टप्प्यात पिरेनीज पर्वत दिसायला लागतात आणि दिल्लीची धूळ डोळ्यांतून निघून गेल्यासारखं वाटतं.

लूर्दचं पहिलं दर्शन मात्र निराश करणारं आहे. स्टेशनपासून खाली उतरलं की दुतर्फा दुकानंच दुकानं. मरीयामातेच्या आकाराच्या, निळं बूच असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, चावीच्या साखळ्या, चमकणाऱ्या मूर्ती. शिर्डी किंवा वेळांकण्णीचा बाजार पाहिलेल्याला त्यात नवल नाही. पण एकदा आवाराचं फाटक ओलांडलं की दुकान नाही, आरडाओरडा नाही. समोर मोठं पटांगण, बाजूने वाहणारी गाव द पो नदी आणि मासाबिएलची ती गुहा. आमच्या चर्चच्या ग्रोटोपेक्षा मोठी, पण ओळखीची. लोक हाताने तिची भिंत चाचपत पुढे सरकतात. दगड तिथे गुळगुळीत झालाय.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगते. ११ फेब्रुवारी १८५८ या दिवशी बर्नादेत सुबिरू नावाची १४ वर्षांची मुलगी इथे सरपण गोळा करायला आली होती. बाप गिरणीवाला, धंदा बुडालेला. अख्खं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहायचं. ती खोली आजही पाहता येते आणि ती अवश्य पाहा, कारण बाकी सगळा संगमरवर पाहून जे समजत नाही ते तिथे समजतं. त्या दिवसापासून १६ जुलैपर्यंत तिला अठरा वेळा एका स्त्रीचं दर्शन झालं. सांगितलेल्या जागी तिने माती उकरली आणि झरा लागला. तो अजून वाहतोय.

मला मात्र दुसराच तपशील आवडला. बर्नादेतला धड फ्रेंच येत नव्हतं. तिला यायची ती तिथली बोली. आणि दर्शन देणारी ती स्त्री तिच्याशी त्याच बोलीत बोलली, तेही अहो-जाहो करून. ‘पंधरा दिवस इथे यायची कृपा कराल का,’ असं विचारून! गावात जिला कुणी विचारत नव्हतं, त्या अडाणी मुलीला. पुस्तकी मराठीपुढे आपली कादोडी आवरून घेणाऱ्या माझ्या आजीला मी हे सांगायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी आम्हा नवख्यांना शिकवणी होती. गळ्यात नावाचा बिल्ला. पुढचे दोन दिवस माझं काम निळ्या गाड्या ओढण्याचं. तीन चाकांची, वर छप्पर असलेली छोटी गाडी असते. पुढचा दांडा एकाने ओढायचा, मागून दुसऱ्याने ढकलायचं आणि आत आजारी माणूस. माझ्या जोडीला आयर्लंडचे एक निवृत्त बसचालक काका होते. वीस उन्हाळे ते इथे येतात. माझा वेग पाहून म्हणाले, बाई, ही गाडी आहे, ट्रेन पकडायची नाहीये. उतारावर पाठ मागे टाकून कसं चालायचं ते त्यांनी शिकवलं. संध्याकाळी पाच वाजताच्या मिरवणुकीनंतर जमिनीखालच्या मोठ्या चर्चमध्ये आजाऱ्यांना आशीर्वाद देतात. १९५८ साली बांधलेलं ते चर्च इतकं मोठं आहे की वीस हजार माणसं मावतात, आणि खांब मध्ये येत नाहीत. दिसायला ते मला विमानतळाच्या पार्किंगसारखं वाटलं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, चाकांच्या खुर्चीवाल्यांना एक पायरी लागत नाही, याहून सुंदर काय हवं?

रात्री नऊ वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. जूनमध्ये तेव्हा चांगला उजेड असतो, त्यामुळे सुरुवातीला मेणबत्त्या उगाच वाटतात. जपमाळ पुढे सरकते तसा अंधार उतरतो आणि अर्ध्या तासात सगळं पटांगण ठिपक्याठिपक्यांनी भरून जातं. एक-एक दशक वेगळ्या भाषेत. इटालियन, स्पॅनिश, पोलिश. माझ्यापुढे एक तमिळ कुटुंब होतं. मी मनातल्या मनात मराठीत ‘नमो मरिया’ म्हणत होते आणि मला तिची दुसरी ओळ आठवेना. लाज वाटली. तीन वर्षांत विसरले होते.

तिसऱ्या दिवशी माझी बदली आजारी यात्रेकरूंच्या निवासात झाली. इटलीहून आलेली एक म्हातारी बाई. वय आजीएवढं, आणि उजवी बाजू आजीसारखीच निकामी. सकाळी तिला स्पंज करायचं, कपडे बदलायचे, नाश्ता भरवायचा. आम्ही चार जणी होतो. प्रमुख बाईंनी आधी दार वाजवलं, आत जाऊन तिच्या डोळ्यांच्या पातळीला वाकून विचारलं, सुरू करू का? तिने मान हलवल्यावरच हात लावला. एका वेळी एकच अंग उघडायचं, बाकीचं टॉवेलने झाकलेलं ठेवायचं. लुळा हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर. डायपर बदलताना कुणी नाक मुरडलं नाही, की तिच्या डोक्यावरून आपापसात गप्पा मारल्या नाहीत.

मी पाण्याचं भांडं धरून उभी होते आणि मला गेला नाताळ आठवत होता. चार दिवसांसाठी घरी गेले होते. आईने आजीचं डायपर बदलायला घेतलं की मी खोलीबाहेर जायची. एकदा आईने हाक मारली, “जरा धर गं तिला या कुशीवर.” मी म्हणाले, “आई, माझी मीटिंग आहे.” मीटिंग नव्हती. पण आजीला नवी शाल पांघरून तिच्याबरोबर सेल्फी मात्र काढला, आणि त्याला खूप लाइक मिळाले.

त्या रात्री मी आईला फोन केला. भारतात पहाट झाली होती, ती उठलेलीच होती. उत्साहाने सगळं सांगितलं, बाही कशी घालायची, टॉवेल कसा धरायचा. ती ऐकत राहिली. मग विचारलं, “एका बाईला तुम्ही किती जणी असता?”

“चार.”

“चार?” ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मी एकटी असते.”

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. त्यांनी मला समजावलं नाही. म्हणाले, इथली सेवा सोपी असते. आठ दिवस, समोर डोंगर, रात्री मिरवणूक, प्रत्येक जण आभार मानतो. त्यांची बायको आठ वर्षं आजारी होती, तेव्हा त्यांचे कधी कुणी आभार मानले नव्हते, तिनेही नाही. “मी इथे त्या आठ वर्षांची थकबाकी वसूल करायला येतो,” असं म्हणून ते मोठ्याने हसले.

सेवेचं फळ मिळतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. लूर्दला मला ते लगेच मिळालं, आणि म्हणूनच मला त्याचा संशय आला. त्या इटालियन आजीने निघताना डाव्या हाताने माझा गाल धरला तेव्हा मला फार छान वाटलं. पण ते छान वाटणं आईच्या वाट्याला कधी आलं? आजारी माणूस बरं होतं का, हा प्रश्नही लोक मला विचारतात. इथे १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे. बरं झाल्याचा दावा आला की ते वर्षानुवर्षं तपासतात. हजारो दावे आले, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरहून थोडेसेच जास्त. म्हणजे बहुतेक लोक जसे येतात तसेच परत जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. खुद्द बर्नादेत जोगीण होऊन नेव्हेर शहरातल्या मठात गेली, तिथे आजारी भगिनींची शुश्रूषा केली आणि १८७९ मध्ये क्षयाने गेली. तेव्हा ती ३५ वर्षांची होती.

निघायच्या दिवशी झऱ्याच्या नळावर रांग लावून बाटली भरली. पाणी फुकट असतं, बाटलीचेच काय ते पैसे. मी निळ्या बुचाची घेतली, नाहीतर आजीला पटलं नसतं. हातातल्या बॅगेत ती चालत नाही हे लक्षात ठेवा. चेक-इनच्या सामानात टाका, बुचाला चिकटपट्टी लावा.

दिल्लीला उतरले आणि द्वारकेला न जाता तिथूनच मुंबईचं विमान पकडलं. मॅनेजरला विचारून तीन आठवडे घरून काम मागून घेतलं. त्यासाठी पुढच्या दोन महिन्यांचे शनिवार गेले, ते अजून फेडतेय. वसईत पाऊस सुरू झाला होता. पहिल्या सकाळी मी दार वाजवून आत गेले, आजीच्या डोळ्यांच्या पातळीला वाकून विचारलं, “आजी, सुरू करू का?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की हिला तिकडे काय झालंय. आई दारात उभी राहून बघत होती. माझा हात चुकला, बाही उलटी गेली, आजी ओरडली. आई पुढे आली नाही.

रविवारी आई कित्येक महिन्यांनी सकाळच्या मिस्साला गेली, आणि येताना बाजारही करून येते म्हणाली. मी आजीपाशी बसले. बर्नादेतशी माता तिच्या गावच्या बोलीत बोलली, अहो-जाहो केलं, हे सांगितलं. आजीला त्यात विशेष वाटलं नाही. मग कुठल्या भाषेत बोलणार, असा तिचा चेहरा. निळ्या बुचाची बाटली उघडून चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावलं. तिने डोळे मिटले, डाव्या हाताने क्रूसाची खूण केली, थोडा वेळ तशीच पडून राहिली.

मग अडखळत म्हणाली, पाणी फार गार आहे, जरा कोमट करून आण.