सवाईची पिशवी

आमच्या प्रोजेक्टवर इंग्लंडमधला एक सहकारी आहे. गेल्या जूनमध्ये गडी शुक्रवारची रजा टाकून कुठल्याशा संगीत महोत्सवाला निघाला होता. तिकडं उन्हाळ्यात शेतात तंबू ठोकून तीन-तीन दिवस गाणं ऐकायची पद्धत आहे. ग्लास्टनबरीचं नाव आपण ऐकलेलं असतं. १९७० साली दुधाचा धंदा करणाऱ्या एका शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात सुरू केलेला महोत्सव तो. तसले लहानमोठे महोत्सव तिकडं पुष्कळ. तर निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सामानाची यादी चॅटवर टाकली. तंबू, खुंट्या ठोकायला हातोडी, स्लीपिंग बॅग, चिखलासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आणि सगळ्यात शेवटी... कानात घालायचे बोळे! गाणं ऐकायला चाललाय आणि कानात बोळे? स्पीकरच्या पुढ्यात त्याशिवाय निभाव लागत नाही म्हणे, आणि रात्री शेजारच्या तंबूतले झोपू देत नाहीत.

आमच्याकडं अशी यादी होते ती डिसेंबरात, पुण्याच्या सवाई गंधर्वला जाताना. आणि आमच्या यादीत पहिल्या नंबरला कानात घालायचं यंत्र असतं. आण्णांचं. पण त्याआधी थोडं मागचं सांगतो.

आण्णांच्या तरुणपणी सवाईला जायचं म्हणजे वळकटी बांधून जायचं. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. तेव्हापासून कित्येक वर्षं गाणं रात्रभर चालायचं, ते उजाडेपर्यंत. त्यामुळं राहायची सोय हा प्रश्नच नव्हता. रात्र मांडवात, आणि दिवसा कुणाच्या तरी सदाशिव पेठेतल्या खोलीवर झोप. आण्णांच्या वळकटीत एक सतरंजी, एक घोंगडं, कानटोपी, दोन सदरे, आणि आजीनं दिलेली भडंगाची पिशवी. मी एकदा विचारलं, "थर्मास न्हाई?" तर म्हणाले, "थर्मास पुण्याच्या लोकांकडं असायचा. आम्ही त्यांच्या शेजारी बसायचो."

पुण्याची डिसेंबरातली थंडी दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. पहाटे ती चांगलीच लागते. पण आण्णा सांगतात ते थंडीचं नसतंच. दोन-अडीचला डोळा लागायचा, आजूबाजूला अर्धा मांडव आडवा झालेला असायचा, आणि मग कधीतरी तोडीचा गंधार कानात शिरून जाग यायची. कोण गातंय ते घोंगड्यातून तोंड बाहेर काढेपर्यंत कळायचं नाही. म्हणजे झोपणं हा ऐकण्याचाच भाग होता. हल्ली कुणी मैफलीत पेंगलं की आपण त्याच्याकडं बघून हसतो.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत सवलत. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गणपतीत आमच्या गल्लीत राहून दाखवा, मग बोलू. पण सवाईची रात्र त्यात गेली ती गेलीच. अलीकडं बहुतेक दिवशी दुपारी सुरू होऊन दहाला संपतं, शनिवारी बारापर्यंत, आणि रविवारी दुपारी बारालाच चालू. एक मात्र झालं. मुलतानी, मधुवंती, मारवा अशा रागांना हक्काची वेळ मिळाली. रात्रभराच्या मैफलीत त्यांना कोण विचारणार होतं? दरबारी, मालकंस ऐकायचे तर शनिवार गाठायचा. पहाटेचा भैरव मात्र विसरायचा.

रात्र गेली तशी पिशवीतून सतरंजी गेली, मग कानटोपी. २०१८ पासून महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला आला, म्हणजे आम्हा एस.टी.वाल्यांना स्वारगेटला उतरलं की जवळच. मधली रात्र आत्याकडं. आता माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये सगळं मावतं. एक पातळ गादी (माझं तिकीट भारतीय बैठकीचं), पाण्याची बाटली, चपलांसाठी कापडी पिशवी. चपलांवरून आठवलं. कोल्हापूरचे म्हणून कोल्हापुरी घालून जाऊ नका. एकतर नवी असेल तर करकर वाजते आणि विलंबित ख्याल चालू असताना तुम्ही उठलात की पन्नास माना वळतात. आणि दुसरं, बाहेर काढून ठेवली तर परत मिळेल याची खात्री कोण देणार?

आता यंत्राचं.

आण्णा सत्तरीच्या पुढचे. तीन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना यंत्रं बसवली आणि घरात टीव्हीचा आवाज खाली आला, आईची चिडचिड कमी झाली. सगळं झकास. मग देवल क्लबमध्ये एका गाण्याला गेलो. १८८३ पासूनची संस्था, आण्णांचं अर्धं आयुष्य तिथं ऐकण्यात गेलेलं. मध्यंतराला म्हणाले, "चल घरी. तंबोराच लावला न्हाई नीट. षड्ज हलतोय."

तंबोरा उत्तम लागला होता. मी काहीच बोललो नाही.

मला आठवडाभर चैन पडेना, म्हणून वाचायला बसलो. या यंत्रात माइक आणि स्पीकर अगदी शेजारी-शेजारी असतात. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर आला की कुईं करतो, तीच भानगड. ती शिट्टी दाबायला आत एक प्रोग्रॅम सतत पहारा देत असतो. एकच सूर लांबत राहिला की त्याला ती शिट्टी वाटते आणि तो त्याच्यावर उलटा आवाज सोडतो. बोलण्यात असा सूर कुठं लांबतो? पण गायकानं षड्ज धरला की पहारेकरी जागा होतो, आणि सूर थरथरायला लागतो. दुसरा प्रोग्रॅम गोंगाट कमी करणारा. जे एकसारखं, न थांबता वाजतंय ते बिनकामाचं असं त्याचं गणित, म्हणून तो पंख्याचा आवाज खाली आणतो. आणि तंबोरासुद्धा! म्हणजे मिरजेच्या कारागिरानं भोपळ्यातून जन्माचं कसब ओतून काढलेला आवाज आणि आमच्या हॉलमधला पंखा, यंत्राच्या लेखी एकच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची चूक म्हणवत नाही. त्यांना माणसाचं बोलणं ऐकवायचं होतं, आणि ते त्यांनी चोख केलंय.

राजारामपुरीतल्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करता येतो, बहुतेक लोक मागतच नाहीत. गोंगाटवाला बंद, शिट्टीवाल्याचा पहारा सैल, आणि बारीक-मोठ्या आवाजातला फरक शक्य तितका तसाच ठेवायचा. कानामागची बारकी कळ दाबली की प्रोग्रॅम बदलतो. घरी येऊन मी मोबाइलवर तंबोरा लावला, पांढरी दोन. आण्णांनी कळ दाबली, डोळे मिटले. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "खर्जाची तार जरा उतरलीय बघ." मोबाइलवरच्या तंबोऱ्याची तार! पण मी मान डोलावली. म्हटलं, आता आण्णा परत आण्णा झाले.

म्हणून यादीत पहिलं यंत्र, आणि त्याचे सेल. नारिंगी पट्टीचे, तेरा नंबरचे, एक अख्खं पाकीट. हे सेल हवेवर चालतात. पट्टी काढली की सुरू, मग वापरा नाहीतर ठेवा, ते संपत जाणार. त्यामुळं तिथं जाऊनच पट्टी काढायची, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचे. गाणं लांबलं आणि सेल संपला असं व्हायला नको. ऑफिसमध्ये सर्व्हरसाठी जेवढा बॅकअप ठेवत नाही तेवढा मी या शनिवार-रविवारसाठी ठेवलाय. मग बीपीच्या गोळ्या, आणि त्यांचं खुर्चीचं तिकीट. गुडघ्यांमुळं बैठक बंद झालीय. म्हणजे ते तिकडं खुर्चीत, मी इकडं खाली. मध्यंतरात भेटायचं ठरतं, चहाच्या स्टॉलपाशी.

काल पिशवी भरताना बघतो तर माझ्या सॅकवर घोंगड्याची घडी. पट्टणकोडोलीच्या बाजारातलं, काळं, माझ्यापेक्षा वयानं मोठं. वजन दीड-दोन किलो तरी असेल.

"आण्णा, हे कशाला? बाराला संपतंय. नंतर आत्याकडं रजया आहेत की."

"असू दे की. मी धरतो हातात."

"खुर्चीत घोंगडं घेऊन बसणार तुम्ही?"

"मांडीवर घेतो. डोळा लागला तर?"

यावर काय बोलणार? लॅपटॉप बाहेर काढला. सोमवारी सकाळचा कॉल आहे, पण तो मोबाइलवरून घेता येईल. घोंगडं त्या जागेत बरोबर बसलं. उद्या सहाची गाडी. रस्त्याच्या कामांमुळं किती वेळ लागेल सांगता येत नाही, म्हणून आई धपाटी करून देणार आहे, आणि भडंग आत्तापासूनच दोन डब्यांत भरून ठेवलाय. एक आण्णांचा, एक माझा.