बदलापूर गावातून कोंडाणे लेण्याकडे : कॅमेरा वाहावा कसा?

उल्हास नदीच्या काठचे जुने बदलापूर गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. स्टेशन कुळगावला झाले, वस्ती स्टेशनाभोवती वाढली आणि कुळगाव-बदलापूर अशी एकच नगरपरिषद झाली. या वाटेने जाणारे स्वार पूर्वी येथे घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. खरे-खोटे इतिहासकार जाणोत. पण थकलेल्या पाठीवरचे ओझे वेळीच बदलावे, ही शिकवण त्या नावात आहे एवढे खरे.

गावाजवळून वाहणारी ही उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. तिच्या उगमाकडच्या खोऱ्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याला, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती कोरली गेली. म्हणजे आपण ज्या नदीचे पाणी पाहतो, तिच्याच वरच्या अंगाला दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघ वर्षावासाला राहत होता. गावातील पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांनी ही लेणी पाहिलेली नाहीत. गुडघे चढू देत नाहीत. त्यांच्यासाठी लेण्यांचे चांगले मोठे फोटो काढून आणावेत, ते विहारात लावावेत, असे आम्ही पाच जणांनी ठरविले.

आमच्यातला एक तरुण लग्नाचे, धम्मपरिषदांचे, 14 एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो काढतो. कॅमेरा त्याने हप्त्यावर घेतलेला. वाण्याच्या काट्यावर ठेवला तेव्हा कॅमेरा आणि त्यावरची मोठी लेन्स मिळून एक किलो सातशे ग्रॅम भरले. दुसरी लेन्स, फ्लॅश, जादा बॅटऱ्या आणि तिपाई धरली तर चार किलोंच्या वर. त्यात प्रत्येकी दोन लिटर पाणी म्हणजे आणखी दोन किलो. एरवी हे वजन कुणी मोठे मानणार नाही. पण मागच्या लग्नसराईत सलग कामे केल्यावर या मुलाची मान आखडली होती आणि उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी आठ दिवस काम बंद ठेवायला सांगितले. ज्याचे घर त्या हातावर चालते, त्याला आठ दिवस म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढची लग्नसराई तोंडावर होती. म्हणून फोटो कसे काढावेत यापेक्षा कॅमेरा कसा वाहावा, याचाच विचार आम्ही आधी केला.

कॅमेऱ्यासोबत येणारा पट्टा गळ्यात घालायचा असतो. मंडपात अर्धा तास ते चालते, डोंगरात चालत नाही. माणसाचे डोकेच साडेचार-पाच किलोंचे असते आणि मान ते रात्रंदिवस पेलत असते. त्यात चढणीला आपण पुढे वाकतो, नजर पायाकडे असते. वाकलेल्या मानेवर पुढून दीड-दोन किलो लोंबू लागले की मानेच्या मागच्या स्नायूंना दोन्हीकडून ताण बसतो. शिवाय अरुंद पट्टा एकाच जागी रुततो. उतरणीला तर कॅमेरा झोके घेतो आणि दगडावर आपटतो. तो सांभाळायला एक हात अडकतो, आणि नेमका तोच हात झाडाची मुळी धरायला हवा असतो.

या मुलाच्या आजींनी उमेदीची सारी वर्षे बांधकामावर घमेली वाहिली. त्यांनी आमची ही चर्चा ऐकली आणि म्हणाल्या, "लोंबतं ते ओझं जड होतं. अंगाला चिकटलं की हलकं होतं. आणि खाली मऊ पाहिजे." आमच्या सगळ्या विचाराचे सार त्यात आले. डोक्यावर हंडा घेणारी बाई चुंबळ ठेवते, कारण चुंबळीने भार एका टोकावर न राहता पसरतो. हंडा पाठीच्या कण्याच्या रेषेत राहतो, म्हणून ती ताठ चालते. आपल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली. त्या अंगमेहनतीला 1969 च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात काही संरक्षण मिळाले. पण ते वाहता वाहता जे ज्ञान शरीरात मुरले, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. ते आपण आपल्या कामाला का लावू नये?

आम्ही पुढीलप्रमाणे व्यवस्था केली. कमरेचा पट्टा असलेली एक पाठपिशवी घेतली. या पट्ट्याला लोक शोभेची वस्तू समजतात, पण खरे काम त्याचेच असते. तो पोटावर नव्हे, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसवून घट्ट आवळला की बहुतेक भार खांद्यावरून उतरून कमरेवर येतो, आणि कमरेखाली मांड्यांचे मजबूत स्नायू असतात. खांद्याचे पट्टे त्यानंतर ओढायचे, आधी नाही. पिशवीत सर्वांत जड वस्तू पाठीला टेकून, साधारण मधल्या उंचीवर ठेवायची. खाली चादर, वर डबा, बाजूला पाणी. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की पिशवी मागे खेचते आणि आपण उगीच पुढे वाकतो.

कॅमेरा चालताना हाताशी हवा असेल तर त्याचा पट्टा गळ्यात घालू नये. पट्ट्याची दोन टोके दोन मजबूत कड्यांनी पाठपिशवीच्या दोन्ही खांदेपट्ट्यांना अडकवावीत. कॅमेरा छातीवर राहतो, पण मानेवर त्याचे काहीच वजन येत नाही. झोका बसू नये म्हणून छातीभोवती एक पातळ पट्टी किंवा ओढणी बांधावी. बाजारात खांदेपट्ट्यावर बसवायची धातूची पकडही मिळते, पण ती महाग असते. आमच्यासोबतच्या मुलीला छातीवरचा कॅमेरा अवघड वाटला. तिच्यासाठी पट्टा एका खांद्यावरून तिरका घेतला, आखूड केला, म्हणजे कॅमेरा कमरेच्या जरा वर, बरगडीला लागून राहिला, आणि वरून ओढणीने कमरेशी बांधला. खांद्याखाली जुन्या गोधडीचा चार बोटे रुंद तुकडा शिवला. तिला हेच सोयीचे झाले. मात्र तिरक्या पट्ट्याचा खांदा दर अर्ध्या तासाने बदलावा.

पट्टे, कडी, शिवण हे सारे निघण्याच्या आदल्या रात्री तपासले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका आमच्यात होते. त्यांनी कॅमेऱ्याच्या जागी पाच किलो तांदळाची पिशवी त्याच पट्ट्याला लावून रात्रभर खुंटीला टांगली. सकाळी एक शिवण उसवलेली दिसली. ती पुन्हा दुहेरी दोऱ्याने शिवली. हप्ते बाकी असलेली वस्तू दरीत गेली असती, ती त्या रात्रीच्या परीक्षेने वाचली.

सकाळी गावातून स्टेशनापर्यंत रिक्षा न करता मुद्दाम चालत गेलो. सपाट रस्त्यावर जे टोचते, ते डोंगरात दहापट टोचते. त्यामुळे पट्टे सैल-घट्ट करण्याचे काम तेथेच उरकले. बदलापूरहून वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि मग कर्जत, असा सुमारे 32 किलोमीटरचा रेल्वेचा प्रवास. गर्दीत पाठपिशवी पुढे छातीशी घ्यावी. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे गाव गाठले. तेथून पुढे रानातली पायवाट. रमतगमत दीड तास चढण लागली.

वाटेत मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका भेटल्या. डोक्यावर आमच्या चौपट ओझे, खाली चुंबळ, मान सरळ, पाऊल लहान. आमच्या मुलाने कॅमेरा वर केला नाही. एका मावशींनी थांबून वाट सांगितली आणि म्हणाल्या, "उतरताना पाय आडवा टाका." आम्ही तसेच उतरलो आणि कुणी घसरले नाही. जेथे हात टेकावे लागतात अशा चढणीवर छातीवरचा कॅमेरा सरळ पिशवीत ठेवला. हा नियम प्रत्येकाने पाळावा : हात लागतील तेथे कॅमेरा आत.

भिक्खूंचे पिंडपात्र हेही असेच जपून नेण्याचे ओझे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पात्रासाठी पिशवी आणि ती खांद्याला अडकवायला पट्टा, यांची अनुज्ञा तथागतांनी दिल्याचे येते. नाजूक वस्तू हातात न धरता अंगाशी बांधून न्यावी, हा विचार इतका जुना आहे.

कोंडाण्याचा चैत्य समोर आला तेव्हा कुणी बोलले नाही. नालाकृती कमान, लाकडी तुळयांचे दगडात उतरविलेले रूप, त्यावरच्या स्त्री-पुरुषांच्या आकृती. एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाव नाही. करणाऱ्याचे नाव आहे. अक्षरे झिजलेली, समोरून पाहिली तर दिसत नाहीत. बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरका टाकला तेव्हा ती उठून दिसली.

तिपाई आम्ही घरीच ठेवली होती. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ती लावायला आधी परवानगी लागते, आणि तेवढेच वजनही वाचते. पिशवीवर घडी केलेली शाल, तिच्यावर कॅमेरा, श्वास रोखून बोट दाबायचे. फोटो स्थिर येतो. मात्र कोरीव दगडावर पिशवी टेकवू नये आणि कशावरही पाय देऊ नये.

परतीच्या वाटेवर कॅमेरा दर तासाला दुसऱ्याकडे दिला. मुलांना हौसेने उचलायला देणाऱ्या पालकांनी एक लक्षात ठेवावे. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे असे म्हटले आहे. हाच हिशेब डोंगरातही धरावा. पावसाळ्यात मात्र या वाटेवर कॅमेरा नेऊ नये. लेण्यांच्या तोंडावरून धबधबा पडतो आणि दगड शेवाळतात. दिवाळीनंतर जावे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची मान मोकळी होती. त्याच आठवड्यात त्याने दोन लग्ने केली आणि आता मंडपातही तो पट्टा गळ्यात घालीत नाही. बलकाच्या अक्षरांचा मोठा फोटो गावच्या विहारात लागला आहे. आजींनी तो बोटाने वाचून घेतला. आपल्या वस्तीतले जे तरुण कॅमेऱ्यावर पोट भरतात, त्यांनी एवढे करून पाहावे. वस्तूचे हप्ते फिटतात, मानेचे फिटत नाहीत.