आईच्या ट्रंकेतला बोल्ट

वारसाहक्काने माणसाला काय काय मिळते! जमीन मिळते, कर्ज मिळते, दमा मिळतो, तापट स्वभाव मिळतो. मला या सगळ्यांबरोबर एक रायफलही मिळाली. महाविद्यालयात मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याच्या नावावर वयाच्या एकावन्नाव्या वर्षी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या शिक्क्याचा शस्त्रपरवाना निघाला, तेव्हा सहकाऱ्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. थट्टा ओसरली आणि काळजी तेवढी उरली. त्या काळजीविषयीच हे थोडेसे.

आमचे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन आजरा तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करू लागले. उसात, भुईमुगात रानडुकरे घुसत. पीकरक्षणासाठी म्हणून त्यांनी परवाना काढला आणि ‘थ्री-वन-फाइव्ह’ घेतली. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेली ही रायफल. लष्करी ‘थ्री-नॉट-थ्री’ची ही मुलकी बहीण. इंग्रजांना आपल्या फौजेची काडतुसे रयतेच्या हाती पडू द्यायची नव्हती, म्हणून नागरिकांसाठी हे निराळे माप चालू झाले, आणि इंग्रज गेले तरी ते राहिले. रायफल आली तरी आबांनी डुकरे मारल्याचे मला आठवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून तसे करताही येत नव्हते. ते हवेत बार काढत आणि डुकरे शेजाऱ्याच्या शेतात जात.

आबा गेले त्यानंतर चार दिवसांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची होती. हवालदार सोप्यात बसून कागद लिहीत होते. मी खोळीतून रायफल काढली आणि पाहतो तो तिला बोल्टच नाही. मी गोंधळून इकडेतिकडे पाहू लागलो. तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला बोल्ट होता. तिने तो हवालदारांच्या पुढ्यात ठेवला आणि काही न बोलता आत निघून गेली. हवालदारांनी क्रमांक ताडून पाहिला, पावती लिहिली. बोल्ट आईकडे का, हे त्यांनी विचारले नाही. खरे तर मीही विचारले नाही. घरात माणूस गेल्यावर अनेक प्रश्न तसेच राहून जातात.

पुढे परवान्याच्या खटपटीत चौदा महिने गेले. भावंडांची संमतीपत्रे, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. प्रशिक्षणात पहिला धडा मिळाला तो असा की, रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहिले असले तरी ती भरलेलीच आहे असे मानून वागावे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळू नये आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर जाऊ नये. सुदैवाने हे धडे व्याकरणाच्या नियमांपेक्षा सोपे निघाले. त्यांना अपवाद नाहीत.

रायफल परत मिळाली तेव्हा मालखान्यातल्या दोन पावसाळ्यांनी तिच्यावर आपली सही केलेली होती. नळीवर तांबूस पूड, बोल्टच्या दांडीवर ठिपके, दस्त्याचे लाकूड पांढुरके. त्या रात्री मला झोप लागली नाही. आबांनी पस्तीस वर्षे जपलेली वस्तू माझ्या हाती आली आणि पहिल्याच दिवशी ती गंजलेली होती. दुसऱ्या दिवशी मी पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो. नशीब की आबांच्या पलटणीतले एक वृद्ध सुभेदारकाका भेटायला आले आणि त्यांनी माझा हात धरला. “मास्तर, तवा घासताय काय?” ते म्हणाले.

त्या दुपारी काकांनी जे शिकवले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. नळीवरची काळसर निळी झिलई हीसुद्धा लोखंडाची एक प्रकारची भस्मच असते. ती मुद्दाम चढवलेली असते आणि तांबड्या गंजाला थोपवते. पॉलिश पेपरने गंजाबरोबर तीही जाते. म्हणून आधी तेल लावून मुरू द्यायचे आणि मऊ फडक्याने हळूहळू पुसायचे. नळी शक्यतो मागच्या बाजूने साफ करावी. पुढच्या तोंडाची कडा सळईने घासली गेली तर गोळी भरकटते. फौजी लोक त्यासाठी वजन लावलेली दोरी वापरतात, तिला ते ‘पुलथ्रू’ म्हणतात, आणि तिच्या फासात अडकवायच्या कापडाच्या तुकड्याला ‘चिंदी’. चिंदी स्वच्छ बाहेर येईपर्यंत दोरी ओढत राहायचे. मग तेलाचा अगदी पातळ हात. बार काढण्यापूर्वी ते तेलही कोरड्या चिंदीने पुसून काढायचे.

मला वाटत होते, तेल जितके जास्त तितकी माया जास्त. तसे नसते. जादा तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड भुसभुशीत होते. लाकडाला जवसाचे तेल, तेही थेंब-थेंब, तळहाताने चोळून. आणि खोळ? आबांची कॅनव्हासची खोळ मी आठवण म्हणून जपणार होतो. काकांनी ती बाजूला काढायला लावली. कापड आणि चामडे ओल धरून ठेवतात. खोळीत कायम ठेवलेली रायफल आतल्या आत गंजते. काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवली तर पितळेवर हिरवे चढते. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “पितळंत ताक कळकतं तसंच की हे.” काका खूश झाले.

खंडेनवमीचा प्रश्न मात्र राहिलाच. आमच्याकडे त्या दिवशी रायफलीची पूजा असे. हळद-कुंकू, पाण्याचा शिंतोडा, वर झेंडूचा ओला हार. पूजा करावी आणि गंज चढवावा, हा पेच आबा कसा सोडवीत? काका म्हणाले, “तुझ्या आईला विचार.”

रात्री जेवणे झाल्यावर मी आईला विचारले. तिने पूजेचे सांगितले ते इतकेच : “आरती झाली की हार काढायचा, पुसायचं, तेल लावायचं. बोल्ट मी पुसायची.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “ती दांडी माझ्याकडंच राहू दे की आता बी.”

“का पण?” मी म्हणालो. आणि मग चौदा महिन्यांपूर्वी राहून गेलेला प्रश्नही विचारला.

मी सातवीत असताना आबांनी कर्ज काढून विहीर खणली होती आणि ती कोरडी लागली होती, एवढे मला ठाऊक होते. आईने सांगितले ते मला ठाऊक नव्हते. त्या वैशाखात एका रात्री तिला जाग आली. आबा सोप्यात अंधारात बसले होते. मांडीवर रायफल होती. शेतात तेव्हा राखायला पीक नव्हते. ती उठून पाणी घेऊन गेली, शेजारी बसली, उजाडेपर्यंत बसून राहिली. सकाळी आबा अंघोळीला गेले तेव्हा तिने बोल्ट काढून आपल्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवला. कसा काढतात हे तिने आबांना साफसफाई करताना पाहिलेले होते.

“आबा काय म्हणाले?”

“काय म्हणत्यात? दोन दिसांनी रायफल पुसायला घेतली, बघितली, परत ठिवली. मला काय बी विचारलं नाही. पुढं सुगीत राखणीला जायचं झालं की म्हणायचे, दे. मी द्यायची. सकाळी परत आणून द्यायचे.”

पस्तीस वर्षे हा व्यवहार चालला होता, एका घरात, आणि आम्हा मुलांना पत्ता नव्हता. बोल्टवर गंजाचा एक ठिपकाही त्या काळात आला नव्हता.

त्यानंतर मी माझ्या वहीकडे पुन्हा पाहिले. गंज, तेल, चिंदी, जवस. सगळी काळजी लोखंडाची आणि लाकडाची. ज्या हातांत ते लोखंड असते त्या हातांविषयी एक ओळही नव्हती. माणसाला उद्ध्वस्त करू पाहणारी घटका बहुधा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात शस्त्र आणि हात यांच्यामध्ये एखादे कुलूप, एखादी ट्रंक, एखादे जागे माणूस असले तर ती टळून जाते. हे आज जाणकार सांगतात. आईला ते कुणी सांगितले नव्हते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर अशा दोन-चार रात्री माझ्याही आयुष्यात येऊन गेल्या आहेत. तेव्हा घरात रायफल नव्हती, एवढेच.

कायद्याच्या लेखी शस्त्राचा सुटा भाग हेही शस्त्रच, आणि परवाना माझ्या नावे. ट्रंकेची जुनी सोय मला तशीच चालू ठेवता येणार नव्हती. म्हणून मी भिंतीत पक्के बसवलेले लोखंडी कपाट करून घेतले. त्याला दोन कुलपे आहेत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी पत्नीकडे. आत रायफल आणि बोल्ट वेगवेगळे. काडतुसे दुसऱ्या खोलीत, निराळ्या कुलपात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला आम्ही दोघे मिळून कपाट उघडतो. ओल शोषणाऱ्या पुड्या बदलतो, मी नळी पुसतो, ती बोल्ट पुसते. बारावीतला मुलगा एकदा म्हणाला, “बाबा, तुमचा स्वतःवर विश्वास नाही का?” मी म्हणालो, “नेहमी असतो. एखाद्या दिवशी नसतो.” तो हसला नाही, याचे मला बरे वाटले.

असो. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. ती संपल्यावर रायफल ठेवायची की रीतसर जमा करून मोकळे व्हायचे, याचा निर्णय मी अजून घेतलेला नाही. यंदाच्या खंडेनवमीला आई गावाहून आली होती. आरती झाली, तिने हार उचलला, फडके मागितले आणि बोल्ट मांडीवर घेऊन सावकाश पुसत बसली. पुसून झाल्यावर तिने तो सुनेच्या हातात दिला.