घाटावरची पैसेवारी

नव्या क्लबात सभासदत्वाचा अर्ज भरताना शेवटून दुसरा रकाना आला: हँडिकॅप. मी १२ लिहिलं. काउंटरमागच्या मुलीनं अर्ज वाचला आणि अदबीनं विचारलं, "सर, याचा इंडेक्स नोंदलेला आहे का? नसेल तर आधी तीन कार्डं द्यावी लागतील. चोपन्न होल." मग तिनं माझ्या १२ वर पेन्सिलीनं बारीकशी रेघ मारली.

ती रेघ मला लागली. फौजेतली माझी सगळी वर्षं छावण्यांमधून गेली आणि गोल्फही मी तिथेच शिकलो. सुरुवातीच्या मैदानावर तर ग्रीनच्या जागी तेल मारलेल्या वाळूचे ब्राउन होते. पट, म्हणजे चेंडू होलाकडे ढकलायचा फटका, मारून झाला की पुढच्यासाठी ती वाळू सारखी करून द्यायची. शेवटच्या ठाण्यावर फळ्यावर माझ्या नावापुढे १२ लागला आणि निवृत्तीपर्यंत तो तसाच राहिला. हुद्दा गेला, सरकारी बंगला गेला, तरी तो आकडा माझा आहे असं मी धरून चाललो होतो.

हँडिकॅप म्हणजे काय, हे मी गावाकडे सांगतो तेव्हा लिंबूटिंबूपासून सुरुवात करतो. मोठ्या पोरांच्या डावात धाकट्याला घ्यायचं, पण त्याला थोडी सवलत द्यायची. गोल्फमध्ये ही सवलत मोजून देतात. मैदानाचा पार, म्हणजे तिथले ठरवून दिलेले फटके, ७१ असेल आणि तुमचा तिथला हँडिकॅप १८ असेल, तर तुमच्या एकूण फटक्यांतून १८ वजा होतात. मग तुम्ही ८९ मारले आणि तुमच्याहून कितीतरी सरस खेळाडूनं ७४ मारून त्याचे ३ वजा झाले, तर दोघे बरोबरीत. साठीतला माणूस आणि पंचविशीतला पोरगा एकाच डावात खरोखर लढू शकतात, असे खेळ मला फारसे माहीत नाहीत. हँडिकॅप हा शब्दही मूळचा गोल्फचा नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दोन माणसं आपापल्या वस्तूंची अदलाबदल करत, तिसरा पंच त्यांच्या किमतीतला फरक ठरवी आणि पैजेचे पैसे टोपीत ठेवलेले असत. टोपीतला हात, यावरून हा शब्द आला. पुढे घोड्यांच्या शर्यतीत वेगवान घोड्याच्या पाठीवर जादा वजन ठेवायची रीत पडली, तीही याच नावानं.

पण मला तो पंच वाचताक्षणी ओळखीचा वाटला, कारण तसा एक पंच आमच्या घरातच होता.

माझे वडील पटवारी होते. सरकारी कागदावर तलाठी, पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोकांच्या तोंडी पटवारीच. नोकरीची निम्मी वर्षं मेहकर तालुक्यात गेली, बाकीची नांदुऱ्याकडे. जिल्ह्यातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं: निम्मी घाटावर, निम्मी घाटाखाली. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन, कपाशीची. काही पट्ट्यात मात्र विहिरीला खारं पाणी. घाटावर चढ-उतार, कुठे बरी माती तर कुठे हातभर खणलं की मुरूम. बाबांच्या वर्षातलं सगळ्यांत अवघड काम पैसेवारीचं. त्यांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत आणेवारीच राहिली. गावाच्या प्रमाण उत्पन्नाशी यंदाचं पीक ताडून पाहायचं आणि ते रुपयात किती पैसे भरलं ते ठरवायचं. पन्नासच्या खाली गेलं तर दुष्काळाच्या सवलती, वर राहिलं तर काही नाही. आधी नजर अंदाज, मग सुधारित आणि वर्षअखेरीला अंतिम.

मी सहावी-सातवीत असताना पीक कापणीच्या प्रयोगाला त्यांच्याबरोबर जायचो. खुंट्या आणि दोरी धरायचं काम माझं. शेत आणि शेतातला तुकडा कुठला घ्यायचा ते बाबा निवडत नसत, ते आधीच ठरून आलेलं असे. चौकोन आखायचा, आतली ज्वारी कापायची, कणसं झोडायची, दाणे तोलायचे. कोतवाल काटा वाचून मोठ्यानं आकडा म्हणायचा, बाबा तो परत म्हणायचे आणि मगच लिहायचे. बांधावर उभे असलेले लोक म्हणत, "पटवारीसाहेब, पन्नासच्या खाली घाला न बाप्पा." त्यांची अडचण खरी असायची. दुसऱ्या बाजूनं, गावाचं पीक बरं दिसावं अशी इच्छा असलेलेही कुणी ना कुणी असायचेच. बाबा दोघांनाही एकच सांगायचे, "काटा काय म्हणते ते पाहू."

पहिल्या कार्डाच्या फेरीत माझ्यासोबत बँकेतून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ होते. ते माझे मार्कर, म्हणजे माझे फटके त्यांनी लिहायचे आणि शेवटी सही करायची. तिसऱ्या होलवर माझा चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला. मी सवयीनं वाकून तो उचलायला गेलो. आमच्याकडे एवढ्या अंतराच्या पटला समोरचा "दिला!" म्हणतो आणि आपण चेंडू खिशात टाकतो. गृहस्थ म्हणाले, "पूर्ण करा साहेब, कार्डाची फेरी आहे." मी उभा राहिलो, पट मारला आणि तो होलच्या कडेला लागून बाहेर आला. पाचाचे सहा झाले. त्या दिवशी असे चार पट हुकले.

हातभर अंतराचा पट हे स्वतंत्र कसब आहे, हे मला तेव्हा कळलं. लांबचा पट हातांनी मारता येतो. जवळचा मारताना मान हलते, कारण डोळ्यांना चेंडू आत पडताना बघायचा असतो. मी आता डोकं खाली ठेवून कानानं ऐकायला शिकतो आहे. होलात पडलेल्या चेंडूचा आवाज आला की मगच वर बघायचं. इतकी वर्षं मी हा फटका कधी मारलाच नव्हता आणि तरीही तो आला असंच धरलं होतं.

दुसऱ्या फेरीत अकराव्या होलवर चेंडू बाभळीखाली वाळक्या गवतात गेला. काठी मागे टेकवताना तो किंचित घरंगळला. मार्कर फेअरवेच्या पलीकडे होते, कॅडी पिशवी सावरत होता. मी तिथे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग चेंडू जागेवर परत ठेवला आणि हात वर करून दंडाचा एक फटका सांगितला.

तीन कार्डं झाली: ९५, ९१, ९८. इंडेक्स नसलेल्या माणसाचा एका होलवरचा आकडा पारच्या वर पाचपर्यंतच धरतात, म्हणजे एखादा होल सगळी फेरी बुडवत नाही. त्या मैदानाचं कोर्स रेटिंग ७०.४ आणि स्लोप १२६. रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपचा खेळाडू तिथे साधारण किती फटके घेईल तो आकडा. स्लोप समजायला मला आधी वेळ लागला आणि समजला तो घाटामुळे. काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत चांगला, साधनं असलेला शेतकरी थोड्याफार फरकानं निभावून नेतो. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, तो मात्र मुरमावर पार कोलमडतो. मैदानही तसंच. अवघड मैदान कसलेल्या खेळाडूला चार फटके महाग पडतं, तर सामान्याला दहा. हा जो फरकातला फरक, तो स्लोप. ५५ ते १५५ यांत तो मोजतात, प्रमाण ११३. डीन नुथ नावाच्या अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्यानं १९७०च्या दशकात मॉन्टेरीच्या नौदल विद्यालयात शिकताना या कल्पनेवर काम केलं. एका फौजी माणसाच्या डोक्यातून दुबळ्या खेळाडूच्या बाजूचं हे गणित निघालं, याचं मला फार अप्रूप आहे. २०२० पर्यंत जगात हँडिकॅपच्या सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. त्या वर्षी त्या एकत्र करून एकच जागतिक पद्धत लागू झाली.

तीन फेऱ्यांपैकी सर्वांत चांगली ९१ची. रेटिंग वजा करून, ११३ नं गुणून, १२६ नं भागून ती १८.५ भरली. तीनच कार्डं असली तर त्यातून आणखी २ वजा करतात. इंडेक्स, म्हणजे कुठल्याही मैदानावर नेता येणारा आकडा, १६.५. पार ७१च्या त्या मैदानावर त्याचा हँडिकॅप झाला १८.

बारावरून अठरा. त्या रात्री मला झोप आली नाही. वयानं खेळ गेला, असंच वाटलं. सकाळी उठून मी जुन्या ठाण्याच्या मैदानाचे आकडे काढले: पार ७०, रेटिंग ६७, स्लोप १०८. सपाट, मोकळं, घाटाखालचं मैदान. माझा १६.५ तिथे मांडला तर हँडिकॅप येतो १३.

म्हणजे माणूस जवळजवळ तोच होता, जमीन बदलली होती. आणि बारा नि तेरा यांच्यातला जो एक फटका उरतो, तो कुठे गेला होता हे मला नेमकं ठाऊक आहे. तो "दिला!" या शब्दात होता.

मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणाऱ्यांवर गोल्फमध्ये सगळ्यांचा राग असतो आणि तो रास्तच आहे; सवलतीसाठी पैसेवारी पाडून मागण्यासारखंच ते, तेही गरज नसताना. पण आकडा खाली ठेवून मिरवणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, कारण त्यात तोटा त्यांचाच, असं मानतात. मला हे पटत नाही. मी बारा सांगून ज्यांच्याबरोबर जोडीनं खेळलो, त्यांनी माझ्या भरवशावर डाव मांडले आणि हरले. चुकीचा आकडा दोन्ही दिशांनी कुणाच्या तरी पदरात पडतो. बाबांवर बांधावरचे लोक रुसत, तेव्हा मला ते कठोर वाटायचे. पण ज्या वर्षी काट्यानं खरोखर पन्नासच्या खाली दाखवलं, त्या वर्षी त्यांचा कागद फेरतपासणीला परत आला नाही, हेही मी पाहिलं आहे.

गेल्या रविवारी चौथं कार्ड खेळलो. चार कार्डं झाली की सर्वांत चांगल्या फेरीतून दोनऐवजी एकच वजा होतो, त्यामुळे ही फेरी ९१ इतकी चांगली नसेल तर इंडेक्स १७.५ होणार हे आधीच दिसत होतं. वीस कार्डांपर्यंत हे असंच सुधारत जाईल, मग शेवटच्या वीसमधल्या सर्वोत्तम आठांची सरासरी. माझा सध्या नजर अंदाज संपून सुधारित चालू आहे.

फेरीनंतर आम्ही कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो. मार्कर तेच गृहस्थ. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक होल मोठ्यानं वाचू लागले, मी परत म्हणू लागलो. पाच. पाच. चार. चार. सोळाव्याला ते म्हणाले, "सहा."

"सात," मी म्हणालो. "बंकरमधला एक तुम्हाला दिसला नसेल. कड आड होती."

त्यांनी सहावर रेघ मारली, शेजारी सात लिहिला आणि सतरावा वाचला.