शकुंतलेचा पाय

माणसाने तैलचित्र शिकायला भिवंडीला जाऊ नये; पण तो भिवंडीतच राहत असेल तर त्याने करावं काय? जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश घट्ट होतं. आमच्या गल्लीत प्राणवायूबरोबर यंत्रमागांचा कापूसही मिळतो. रात्री रंग ओला ठेवावा, तर सकाळी मेनकेच्या लेकीला मिशी फुटलेली!

हा सगळा उद्योग आईसाठी. तिच्या माहेरची एकच वस्तू उरली होती: राजा रविवर्म्याच्या शकुंतलेची छापील तसबीर. पायातला काटा काढायच्या निमित्ताने दुष्यंताकडे वळून पाहणारी ती. (कालिदासाने दर्भ म्हटलंय, पण आमच्या घरी काटाच.) कसरीने नेमकं ते पाऊल खाल्लं. निमित्त गेलं, नुसतं पाहणं उरलं! आई म्हणाली, "माझा मोतीबिंदू पिकायच्या आत पोरीला पाय दे."

म्हणून कॅनव्हासवर सबंध चित्रच काढायला घेतलं. गुरू नव्हता, पण १८६८ साली त्रावणकोरला आलेल्या थिओडोर जेन्सननेही रविवर्म्याला नुसतं पाहू दिलं होतं. खालचे थर टर्पेंटाइनचे, वरचे तेलाचे. उलट केलं की तडे. हे पुस्तकात मिळालं. पाय मिळेना.

बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "एका पायावर मी रोजच उभी असते. ते आधी काढा."

शेवटी शेजारच्या माग कारखान्यातले चाचा तयार झाले. सखी म्हणून आमचा धाकटा उभा केला. त्याच्या खांद्यावर हात टेकून, लुंगी खोचून चाचांनी पाय उचलला. एवढ्यात पलीकडे एका मागाचा ताल चुकला. चाचांची मान गर्रकन मागे वळली. "धागा टूटा," ते पुटपुटले. पण हलले नाहीत. वजन सगळं टेकलेल्या पायावर, जीव सगळा मागे. कण्वाश्रमात याहून वेगळं काय घडलं असेल?

तीन आठवड्यांनी पाय वाळला. आईने चित्र खिडकीशी नेलं, नाकाला लावून पाहिलं.

"टाच जरा राकट आहे रे. पण रानात वाढलेली पोर, असायचीच."

चाचाही येऊन गेले.

"काँटा निकला क्या, मास्टर?"

"अभी नहीं, चाचा."

"निकलने मत देना. निकला तो बेचारी को काम पे जाना पड़ेगा."