कुणाच्या मानाने?

सांगलीच्या घाटावरून सांगलवाडीला जाताना नावाडीमामा होडीचं तोंड समोरच्या पायऱ्यांकडे कधीच धरत नसत. वरच्या अंगाला एक बाभूळ होती, तिच्या रोखाने वल्हवायचे. होडी लागायची मात्र बरोबर पायऱ्यांशी. मी विचारलं तर म्हणाले, "कृष्णामाई खाली ओढतीया, तिचं तिला द्यायला नको व्हय?"

अकरावीत सापेक्ष वेग आला आणि चाचणीत माझं पहिलंच गणित चुकलं. नदी २०० मीटर रुंद, प्रवाह तासाला ३ किलोमीटर, संथ पाण्यात होडीचा वेग ५. मी सरळ ५ आणि ३ मिळवून ८ लिहिले. सरांनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं, 'कुणाच्या मानाने?'

त्या दोन शब्दांपाशी मी संध्याकाळभर बसले. पाच पाण्याच्या मानाने, तीन काठाच्या मानाने. बाण काढले तर काटकोन त्रिकोण झाला: ५ कर्ण, ३ प्रवाह, आणि पलीकडे नेणारा वेग ४. होडी थेट समोरच्या दिशेपासून सुमारे ३७ अंश वरच्या अंगाला वळवायची, तीन मिनिटांत समोरच्या पायऱ्या. नाक समोर धरलं तर २ मिनिटं २४ सेकंदांतच काठ लागतो, पण १२० मीटर खाली. मामांची बाभूळ त्या संध्याकाळी वहीत उतरली.

पुढे नोकरीसाठी मुंबईत आले. कुर्ला सुटल्यावर कधी आमची स्लो आणि पलीकडची फास्ट जोडीने धावायच्या. तिकडच्या डब्यातली बाई गजरा माळताना अशी दिसे, जणू माझ्या समोरच्याच बाकावर बसलीय. तिच्या मानाने माझा वेग शून्य. मधल्या रुळावरून उलट दिशेची लोकल आली की तिच्यातले चेहरे नुसती रेघ होऊन जात.

आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त नावेचाच दाखला दिलाय, हे फार उशिरा वाचलं. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. वाचून अंगावर काटा आला.

आता मी शिकवते. मुलं आकडे दिसले की सूत्राकडे धावतात. त्यांना माझी कळकळीची विनंती एकच असते: बाळांनो, आधी प्रत्येक वेगापुढे लिहा, कुणाच्या मानाने. मग बाण काढा.