एकटा हिंडणारा आकडा

बुद्ध्यांक तसा फार आज्ञाधारक. केसपेपर असो, शाळेचा अहवाल असो, जिथे लिहाल तिथे निमूट बसतो. लोकांचा त्याच्यावर विश्वास बसतो तो या स्थिरपणामुळे. स्वभावाने मात्र तो मुळीच स्थिर नाही.

त्याचं घराणं पॅरिसचं. शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे ओळखण्यासाठी आल्फ्रेद बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पहिली चाचणी रचली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना १९१२ सालची, विल्यम स्टर्न यांची. मराठी आणि कानडी मुलांपर्यंत त्याला आणलं व्ही. व्ही. कामत यांनी, १९३०च्या दशकात.

तो जन्मतो कसा, ते जवळून बघावं. समोर बसलेले तपासनीस सेकंदाला एक अशा संथ चालीने म्हणतात, ‘पाच, नऊ, एक, चार, सात.’ मुलाचे ओठ हलतात. तेवढ्यात बाहेर कुणीतरी दार आपटतं. ‘पाच, नऊ, चार...’ गेलं. एकदा म्हटलेली मालिका पुन्हा म्हणायची नसते. रात्री ताप होता, सकाळी एसटीत उलटी झाली, घरची बोली वेगळी, समोरच्या बाईंची भीती वाटते. यातलं काहीच उत्तराच्या रकान्यात उतरत नाही. उलट हीच चाचणी थोड्याच दिवसांत पुन्हा दिली, तर निव्वळ सरावानेही गुण वाढतात.

बिनेच्या चाचणीच्या १९१६ सालच्या अमेरिकी आवृत्तीत लहान वयोगटांच्या एका प्रश्नाला दोन महिन्यांचं मानसिक वय मिळे. दहा वर्षांच्या मुलाचे ८४ महिने भरले, तर बुद्ध्यांक ७०. आणखी एक प्रश्न सुटला की ८६ महिने, म्हणजे जवळपास ७२. एका दाराच्या आवाजाची एवढी किंमत!

पण तो खोटारडा नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. चांगल्या चाचणीची विश्वसनीयता ०.९५ पर्यंत असते, आणि मानसशास्त्रातल्या फार थोड्या मोजमापांना ती साधते. मात्र ही विश्वसनीयता मोजतात ती अनेकांच्या गुणांवरून. गटातले पुढचे-मागचे ती नीट लावते; एकट्या मुलाच्या आकड्याला मात्र तेवढ्या उत्तम चाचणीतही दोन्ही बाजूंना सहा-सात गुणांची सैल जागा लागते. हा पल्ला त्याचा जन्माचा सोबती. तपासनिसांना तो ठाऊक असतो, पाठ्यपुस्तकात असतो. पण अहवालातून आकडा बाहेर पडतो तो एकटाच, आणि पालकांच्या हाती तेवढाच येतो. हे मला अन्यायाचं वाटतं. पल्ल्याशिवाय बुद्ध्यांक लिहूच नये.

अमेरिकेत तर त्याच्यावर माणसाचा जीव टांगला गेला होता. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मृत्युदंड द्यायचा नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलं. फ्लोरिडाने रेघ ओढली ती नेमकी ७० वर. त्याच्या वर गुण असले, तर अक्षमतेचा पुढचा पुरावा विचारात घ्यायचाच नाही. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा गुण होता ७१. चाळीस वर्षांत त्याच्या नऊ तपासण्या झाल्या होत्या, आणि आकडे ६० पासून ८० पर्यंत फिरले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ताठर रेघ घटनाबाह्य ठरवली: ७१ म्हणजे साधारण ६६ ते ७६, तेव्हा या माणसाच्या जगण्या-वागण्याचा पुरावाही ऐकलाच पाहिजे. तो पुरावा पाहून फ्लोरिडाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये हॉलचा मृत्युदंड रद्द केला.